दुसऱ्याची पत्रं वाचावीत का? (निमित्त : जी.एं.ची निवडक पत्रे)

पिंपळपार
गेले दोन महिने रात्री झोपण्याआधी कथाकार जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचा पहिला खंड वाचतोय. सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं. मौजेने हा खंड १९९५ साली काढला, म्हणजे जीए जाऊन आठ वर्षं झाल्यावर. काल बायकोने उशाशी पडलेलं पुस्तक उचललं, चार पानं चाळली आणि म्हणाली, "दुसऱ्या बाईला आलेली पत्रं वाचताना तुला काहीच वाटत नाही?" मी म्हटलं, अगं छापलीयेत. तर म्हणे, "छापली म्हणजे तुला आली का?" दिवा बंद करून पडलो, पण झोप काही आली नाही.

कारण ती बोलली ते खोटं नाही. हा माणूस समारंभ टाळायचा, काळ्या चष्म्याआड राहायचा, धारवाड सोडून कुठे फारसा दिसायचा नाही. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, तेव्हा पुरस्कार परत करून मोकळा. अशा माणसाची खाजगी पत्रं चार खंडांत बाजारात. आपण ती चहा पीत वाचतो, आवडलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारतो.

तुमचं काय मत? लेखकाची पत्रं छापावीत का? आणि छापलीच तर आपण वाचावीत का?

खारी_बिस्कीट
वाचावीत. पुढचा प्रश्न?

टिटवी
खारी, तू नेहमीसारखा एका ओळीत सुटलास. :)

माझं मत सांगते. मी जीएंच्या कथा कॉलेजात वाचल्या तेव्हा पार घाबरले होते. 'प्रवासी' आणि 'इस्किलार' वाचून दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. वाटायचं, हा माणूस कधी हसत असेल का? मग पत्रं हाती आली. आणि तिथे हा गृहस्थ चक्क टिवल्याबावल्या करतोय! खट्याळपणा, स्वतःचीच टिंगल, इंग्रजी पुस्तकांवर पानंच्या पानं, चित्रांवर गप्पा. कथेत ज्याने स्वतःला एक विनोद करू दिला नाही, तो पत्रात सुटा होतो. हे मला पत्रांशिवाय कधीच कळलं नसतं. त्यामुळे माझ्यापुरतं उत्तर हो.

जुना_पाटा
टिटवीताई, पण हे कळायची गरज काय होती? कथा घाबरवत होती ना? मग तिने तिचं काम केलं. आता तुम्ही 'विदूषक' वाचाल तेव्हा मागे तो मिश्किल पत्रलेखक दिसत राहणार. मी मुद्दाम पत्रं वाचलेली नाहीत. जेवण आवडलं की मी आचाऱ्याला बाहेर बोलावत नाही.

टिटवी
@जुना_पाटा, तुम्ही लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची चौकशी करायला थेट भटारखान्यात गेला होतात, हे मागच्या खादाडीच्या धाग्यावर तुम्हीच लिहिलंय.

जुना_पाटा
तो मठ्ठा होता. वेगळी गोष्ट.

कुंदाप्रेमी
बेळगावकर हजर! धारवाड आमच्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर, त्यामुळे या धाग्यावर आमचा हक्क आहे की. आणि एक गंमत सांगतो. धारवाडात साठीच्या पुढचा मराठी माणूस भेटला की तो हमखास सांगणार, "मला जीएंनी इंग्लिश शिकवलंय." जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात एवढी मुलं खरंच असती तर वर्ग मैदानात भरवावे लागले असते बगा.

मुद्द्याचं बोलायचं तर आमच्याकडच्या माणसाला या पत्रांत एक जास्तीचं मिळतं. कानडी मुलखात राहून मराठीत लिहिणारा माणूस. अवतीभवती पुणं-मुंबई नाही, साहित्यिकांच्या बैठका नाहीत. त्याला गप्पा मारायला माणूस हवा तर पोस्टातूनच मारायला लागायच्या. मुंबईला श्री. पु. भागवत, सांगलीला म. द. हातकणंगलेकर, आणि सुनीताबाई. ती पत्रं म्हणजेच त्याचा कट्टा होता. शेजारीच दोस्त राहात असते तर एवढी पत्रं झालीच नसती.

पावसाळी
कुंदाप्रेमी, कट्टा हा शब्द आवडला.

मला एक खटकतं. शीर्षकातच 'निवडक' आहे. निवड कोणी केली? जिला पत्रं आली तिने आणि संपादकांनी. काय ठेवलं ते आपल्यापुढे आहे, काय वगळलं ते नाही. मग आपण जो 'पत्रांतला जीए' म्हणतो तोही कुणीतरी कातरून दिलेलाच आहे ना? टिटवीला जो खट्याळ माणूस भेटला तो किती खरा?

चष्मिष्ट
पावसाळी यांच्या मुद्द्याला जोडून. काफ्काने मिलेनाला लिहिलेल्या पत्रांचं हेच झालं. मिलेना १९४४ साली राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. पत्रं तिने आधीच विली हास या मित्राकडे ठेवायला दिली होती. त्याने ती १९५२ साली छापली, आणि छापताना तेव्हा हयात असलेल्या माणसांबद्दलचा बराच मजकूर काढून टाकला. पुढच्या काळातल्या आवृत्तीत तो परत आला. म्हणजे तीस वर्षं लोक एक काफ्का वाचत होते आणि मग तोच काफ्का थोडा वेगळा निघाला.

आणि मिलेनाने काफ्काला लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही. इतकं मोठं प्रेमप्रकरण, आपल्याला त्यातली एकच बाजू ऐकू येते. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं. तो "हो... हो... नाही गं..." म्हणतोय, आणि पलीकडचं आपण अंदाजाने भरतोय.

खारी_बिस्कीट
काफ्काने सगळं जाळ म्हणून सांगितलं होतं ना मॅक्स ब्रॉडला? मित्र असावा तर असा. सांगितलेलं एकही काम केलं नाही.

उंबरठा
जीएंच्या बाबतीत पलीकडची बाजू आहे की! सुनीताबाईंनी जीएंना लिहिलेली पत्रंही पुढे पुस्तकात आली, 'प्रिय जी.ए.' नावाने. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तारखा जुळवत वाचली आहेत. करून बघा. मजा अशी की ती अजिबात सरळ जुळत नाहीत. एकीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तीन पत्रांनंतर येतं, किंवा येतच नाही, आणि मधेच दुसऱ्याने कुठल्यातरी कादंबरीचा विषय काढलेला असतो. संभाषण वाटतं तितकं सलग नसतं, हे मला तिथे कळलं. दोघंही निम्मं स्वतःशीच बोलत असतात.

मोदकराव
सगळे सभ्यपणे गोल गोल फिरताय म्हणून मीच विचारतो. प्रेम होतं का हो?

उंबरठा
आला. मी म्हणतच होते अजून कसा आला नाही.

मोदकराव
अहो, सगळ्यांच्या मनात असतं. मी फक्त बोललो.

टिटवी
@मोदकराव, सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हाही लोकांनी त्यात पुलंविषयी काय काय सापडतं तेवढंच शोधलं. बाईने आयुष्यभराचा हिशेब मांडला आणि वाचकाने त्यातून फक्त नवऱ्याची वजाबाकी उचलली. इथेही तेच. दोन चांगले वाचक एकमेकांना काय वाचलं ते कळवतायत, एकमेकांची काळजी करतायत. याला आपल्याकडे सोयीचा शब्द नाही म्हणून जो शब्द हाताशी आहे तो चिकटवायचा. मराठीत पुरुष आणि बाईच्या मैत्रीला 'मानलेला भाऊ' सोडून नावच नाही!

मोदकराव
बरं. प्रश्न मागे घेतो. (पण उत्तर कुणी दिलं नाही, याची नोंद घ्यावी.)

सासवडी_अंजीर
प्रेमपत्रंच हवी असतील तर मोदकरावांनी 'कुसुमानिल' वाचावं. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची लग्नाआधीची पत्रं. दोन्ही बाजूंची, खरीखुरी प्रेमपत्रं. कुसुमावतीबाई १९६१ साली गेल्या. त्याच वर्षी त्या ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्या गेल्यानंतर अनिलांनी पत्रं प्रसिद्ध केली. मला ते पुस्तक वाचताना सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं झालं. वीस-बावीस वर्षांची ती मुलं, आणि छापतोय म्हातारा झालेला त्यांच्यातलाच एक. त्याला हक्क आहे की नाही? तिला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?

पावसाळी
सासवडी, माझा प्रश्न तुम्ही जास्त चांगला विचारलात.

चष्मिष्ट
पण कधीकधी तसं छापणाऱ्याचे उपकारच असतात. व्हॅन गॉग १८९० च्या जुलैत गेला, भाऊ थिओ सहा महिन्यांत त्याच्यामागे गेला. थिओची बायको योहाना, पदरात तान्हं मूल, घरात न विकलेली चित्रं आणि कपाटभर पत्रं. तिने ती सगळी पत्रं लावली, तारखा नसलेल्यांच्या तारखा शोधल्या आणि १९१४ साली छापली. आज आपल्याला व्हिन्सेंट माणूस म्हणून माहीत आहे तो तिच्यामुळे. तिने 'खाजगी आहे' म्हणून ट्रंकेला कुलूप लावलं असतं तर?

जुना_पाटा
तर चित्रं राहिली असती. चित्रं बघा ना.

चष्मिष्ट
पाटेकाका, तुमच्याशी वाद घालणं म्हणजे खरंच पाट्यावर डोकं घासणं आहे.

शायर_बिनकामाचा
गालिब साहेबांना विसरू नका मंडळी. त्यांची पत्रं छापायची टूम १८५८ च्या सुमारास चाहत्यांनी काढली तेव्हा ते चक्क नाही म्हणाले होते. सहज खरडलेलं लोकांपुढे आलं तर शायर म्हणून कमावलेल्या इभ्रतीचं काय, ही धास्ती. मग हळूहळू तयार झाले. १८६८ साली पहिला संग्रह आला आणि १८६९ च्या फेब्रुवारीत गालिब गेले. आज उर्दू गद्याचा विषय निघाला की त्याच खरडलेल्या पत्रांचं नाव आधी निघतं.

पण एक बघा. छापायचं ठरलं की पत्र बदलतं. पुढचं पत्र लिहिताना माणूस मनातल्या मनात गळ्याचं बटण लावतो. मला वाटतं, जीएंची पत्रं चांगली आहेत कारण लिहिताना ते बटण उघडं होतं.

पावसाळी
याची खात्री आहे? इतकं ठाकठीक लिहिणारा माणूस. मला तर काही पत्रांत तो कथेसारखाच वाक्य घासून बसवताना दिसतो.

टिटवी
घासून बसवणं हा त्याचा स्वभावच असेल तर? काही लोक वाण्याची यादीही सुवाच्य अक्षरात लिहितात.

हडप्पा_वकील
जरा कोरडं बोलतो. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा. त्यावरचा मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या पेटीत एखाद्या लेखकाचं पत्र असेल तर ते तुम्ही जपा, फ्रेम करा, विका. छापायचं असेल तर त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मजकूर पहिल्यांदा मृत्यूनंतरच प्रसिद्ध झाला असेल तर ती ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

अमेरिकेत कादंबरीकार सॅलिंजरने यावरून चरित्रकाराला कोर्टात खेचलं होतं. इयन हॅमिल्टनने विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेली त्याची पत्रं वाचून चरित्र लिहिलं. १९८७ साली वरच्या कोर्टाने सॅलिंजरच्या बाजूने निकाल दिला आणि हॅमिल्टनला पुस्तक नव्याने लिहावं लागलं. पत्रं कुणालाही वाचता येत होती, पण उतरवून घेता येत नव्हती. पुढे १९९९ साली जॉइस मेनार्डने तिला आलेली सॅलिंजरची पत्रं लिलावात काढली. १,५६,५०० डॉलरला ती घेणाऱ्याने सांगितलं, मला ती सॅलिंजरला परत द्यायची आहेत.

खारी_बिस्कीट
वकीलसाहेब, माझे व्हॉट्सॲप मेसेज मी गेल्यावर छापायचे असतील तर? 'निवडक शुभ सकाळ, खंड १ ते ४०'.

कुंदाप्रेमी
खंड ४१ : पाठवून डिलीट केलेले.

उंबरठा
परिशिष्ट : निळ्या टिका येऊनही उत्तर न आलेले. हे मात्र मी विकत घेईन.

पिंपळपार
सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. वकीलसाहेबांचा वाचून मात्र दचकलो. आता खरं सांगतो. धागा जीएंवर काढला खरा, पण पोटात दुसरंच होतं.

बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या खोलीत दारामागे खिळ्याला एक तार होती, आकडा वाकवलेली. जुन्या घरांत असायची तशी. पत्र वाचून झालं की त्यात खोचायचं. ती तार मी परवा उतरवली. त्यात माझ्या आत्याची साठेक पत्रं निघाली, ती लग्न होऊन मिरजेला गेल्यानंतरची. बहुतेक आंतर्देशीय, निळी, आता निळी म्हणायची इतकीच. प्रत्येकाच्या मध्यभागी तारेचं भोक, आणि त्या भोकात एकेक शब्द गेलेला. "तुझ्या वहिनीला सांग की माझी" भोक "अजून तिकडेच आहे." काय तिकडे आहे? साडी? पेटी? पत्रं ब्लेडने उघडताना काही ठिकाणी घडीवरची ओळच कापली गेलीय. वर 'श्री', ती. दादास शि. सा. न., आणि खाली ता. क. मध्ये मुख्य बातमी. नेहमी ता. क. मध्येच. वरच्या दीड पानात पाऊस, धुणं, कोणाचा खोकला. सासूबद्दल जे आहे ते तळाशी, डिंक लावायच्या पट्टीवर, बारीक अक्षरात.

चुलतभावंडांच्या ग्रुपवर मी दोन पत्रांचे फोटो टाकले. सगळे हळवे झाले. आता सगळ्यांचं म्हणणं की पुस्तिका छापू, घरातल्या घरात, पन्नास प्रती. आत्या आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कान तिखट आहेत. कुणीच तिला विचारलेलं नाही. मीही नाही.

सासवडी_अंजीर
अरे देवा.

हडप्पा_वकील
पिंपळपार, कायदा सांगून झाला आहे, तो पुन्हा सांगत नाही. आत्याला फोन करा.

जुना_पाटा
आणि फोटो ग्रुपवरून काढा. आधी ते करा.

टिटवी
एकदाचं पाटेकाकांशी माझं एकमत झालं. धाग्याचं सार्थक.

तारेच्या आकड्याने आजोळ आठवलं. आमच्याकडे मयताचं पत्र मात्र तारेत कधी जायचं नाही. वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही. त्यामुळे आमच्या तारेत सगळे जिवंतच होते.

शायर_बिनकामाचा
टिटवी, हे वाक्य तुम्ही ता. क. मध्ये टाकायला हवं होतं.

मोदकराव
एक गंभीर सांगतो, हसू नका. आमच्या एका नातेवाईक बाईंनी तरुणपणी एका लेखकाला वाचक म्हणून चार पत्रं लिहिली होती. घरच्या अडचणी वगैरे मोकळेपणाने. तीस वर्षांनी ती एका पुस्तकात आली, पूर्ण नावानिशी. कुणी विचारलं नव्हतं. पुस्तक गावच्या वाचनालयात आलं. त्या बाई पुढे वर्षभर वाचनालयाच्या रस्त्याने गेल्या नाहीत, लांबून जायच्या. लेखकाच्या पत्रांचं आपण एवढं बोलतो, लेखकाला पत्र लिहिणाऱ्याचं काय?

उंबरठा
मोदकराव, मगाचं सगळं माफ.

पावसाळी
हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. सुनीताबाईंचं मला म्हणूनच पटतं. त्यांना आलेली पत्रं आधी आली, मग त्यांनी स्वतःची पत्रंही समोर ठेवली. आपली बाजू झाकून दुसऱ्याची उघडी करणं सोपं होतं.

जुना_पाटा
बरं, मी पहिला खंड ग्रंथालयातून आणलाय. अजून उघडलेला नाही. फक्त कळवतोय.

खारी_बिस्कीट
हाहाहा! काका गेले भटारखान्यात!

पिंपळपार
आत्याला फोन केला. फोटोंचं आधी सांगितलं. गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, दादाने ठेवली होती ती?" मी म्हटलं, हो, सगळी, तारेत. तर म्हणाली, "मला वाटलं फाडली असतील. मी प्रत्येक पत्रात लिहायचे, वाचून फाड."

खरंच लिहिलंय. मी परत जाऊन बघितलं. जवळजवळ प्रत्येक ता. क. मध्ये आहे, आणि माझी नजर त्यावरून नुसती सरकली होती.

मी विचारलं, आत्या, बाबांची उत्तरं आहेत का गं तुझ्याकडे? म्हणाली, "बंबात घातली. सासूबाई वाचायच्या ना. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत वाचायचे आणि मग घालायचे." थोड्या वेळाने म्हणाली, "एक पाठ आहे. पण ते फोनवर नाही सांगायचं."

पुस्तिकेचं विचारलं तर हो नाही, नाही नाही. "आधी मला आणून दे, मी काय लिहिलंय ते मला बघू दे, मग बघू." शनिवारी मिरजेला निघालोय. एकच शंका आहे. पत्रं तारेतून काढून फाइलला लावून न्यावीत की तशीच?

टिटवी
तशीच.

सासवडी_अंजीर
तारेसकट न्या. आकड्याला बूच लावा म्हणजे पिशवी फाटणार नाही.

कुंदाप्रेमी
आणि त्या भोकातल्या शब्दांचं विचारा की. साडी का पेटी, तेवढं इथे येऊन सांगा. नाही सांगितलं तरी चालतंय.